सांध्यावरची पकड आणि अहिंसेची मर्यादा

जवळून झालेल्या हल्ल्यात हल्लेखोराचे मनगट, कोपर किंवा खांदा नैसर्गिक वळणाच्या टोकापर्यंत नेऊन त्याला जखडणे, म्हणजेच सांध्यावरची पकड, अहिंसाविचाराला ठोशापेक्षा अधिक अवघड जाते; कारण ठोसा बसला की हिंसा घडून गेलेली असते, पकडीत मात्र ती किती घडू द्यायची याचा निर्णय काही क्षण तरी पकडणाऱ्याच्या हाती उरतो. जैन आचारविचार येथे उपयोगी भेद करतो: जाणूनबुजून केलेली ती संकल्पी हिंसा गृहस्थाला वर्ज्य आहे, तर स्वसंरक्षणात घडणारी विरोधी हिंसा त्याला सर्वस्वी टाळता येत नाही, असे तो मानतो. गांधीजींनीही १९२० साली भ्याडपणा आणि हिंसा एवढेच पर्याय उरल्यास हिंसेची निवड सुचवली होती.

भारतीय न्याय संहिता, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, हाड मोडणे वा निखळणे यांना जबर दुखापत म्हणते आणि बचावाला आवश्यक तेवढ्याच इजेची मुभा देते. आवश्यक किती, हे भेदरलेल्या माणसाने क्षणार्धात ठरवावे ही अपेक्षा मात्र काहीशी पुस्तकी वाटते. म्हणूनच हल्लेखोर शरण आल्यावरही पकड आवळत राहणे, एवढ्याच ठिकाणी विरोधी हिंसा निश्चितपणे संकल्पी होते.