ओलीस, आश्रित आणि राजे

सहाव्या-सातव्या शतकांतील ब्रिटन आणि आयर्लंडच्या नकाशात प्रत्येक राज्याला वेगळा रंग आणि ठसठशीत सीमारेषा दिलेली दिसते. त्या काळच्या केल्टिकभाषक राजांना मात्र असा नकाशा बहुधा ओळखूच आला नसता, कारण त्यांची सत्ता भूमीच्या क्षेत्रफळापेक्षा माणसांच्या बांधिलकीवर मोजली जात असे.

आयर्लंडमधील राज्याचा मूळ घटक म्हणजे ‘तुअथ’, अर्थात एका राजाला मानणारा लहानसा जनसमुदाय. अशा अनेक राजांवर एखादा थोरला राजा असे, परंतु धाकट्यांच्या प्रदेशात तो स्वतःचा अंमल बसवत नसे. तो त्यांच्याकडून मुले किंवा आप्त ओलीस म्हणून ठेवून घेई आणि त्यांना गुरेढोरे व भेटी देऊन मिंधे करी. इ.स. 700च्या सुमारास रचलेल्या ‘क्रीथ गबलाख’ या कायदाग्रंथात राजाच्या आठवड्याची वाटणी दिली आहे, आणि तीत न्यायनिवाड्याबरोबरच रविवारच्या मद्यपानालाही स्थान आहे. ज्याच्या घरी पंगत बसते तोच राजा, हा त्यामागचा अर्थ.

आयर्लंडचा ईशान्य कोपरा आणि आजच्या स्कॉटलंडचा पश्चिम किनारा यांवर पसरलेले दाल रिअदा हे राज्य या दृष्टीने फार बोलके आहे. दोन्ही किनाऱ्यांमधील समुद्र सर्वांत अरुंद जागी सुमारे 20 किलोमीटर रुंद असून तो या राज्याला तोडण्याऐवजी जोडत होता. त्याच्या एका जुन्या नोंदीत दर 20 घरांमागे सात बाकांच्या दोन होड्यांची सक्ती आढळते. एका बाकावर दोन वल्हेकरी धरले, तर 20 घरांनी 28 माणसे द्यायची. दुनाद येथील खडकाळ गडाच्या माथ्याजवळ कोरलेल्या पाऊलखुणेत पाय ठेवून नवा राजा गादीवर येत असावा, असे अभ्यासक मानतात.

या राज्याचा राजा आएधान याला 603मध्ये नॉर्थम्ब्रियाच्या उत्तर भागाचा अँग्लो-सॅक्सन राजा एथेलफ्रिथ याने दारुण पराभूत केले. ‘केल्ट विरुद्ध सॅक्सन’ हे नंतरच्या काळाला प्रिय झालेले सूत्र खरे असते, तर दोन्ही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या हाडवैरच उरले असते. प्रत्यक्षात 616मध्ये एथेलफ्रिथ मारला गेल्यावर त्याच्या मुलांना आसरा मिळाला तो याच आयरिशभाषक मुलखात. पुढे 634मध्ये त्यांपैकी ऑस्वाल्ड नॉर्थम्ब्रियाचा राजा झाला, त्याने याच मुलखातील, आयरिश भिक्षू कोलंबाने स्थापिलेल्या आयोना मठातून एडन या भिक्षूला बोलावून घेतले, आणि एडनला इंग्रजी नीट येत नसल्याने त्याचे प्रवचन राजा स्वतः सरदारांना उलगडून सांगे, असे बीड हा इतिहासकार नोंदवतो. विजेत्याचा मुलगा पराभूतांच्या भाषेचा दुभाष्या झाला होता.

पुढच्या पिढीत ही गुंतागुंत आणखी वाढली. ऑस्वाल्डचा पुतण्या एजफ्रिथ याच्या सैन्याने 684मध्ये आयर्लंडवर स्वारी केली. पुढच्याच वर्षी, 20 मे 685 रोजी, पिक्ट लोकांचा राजा ब्रिडेई याने त्याला रणात ठार केले. पिक्ट हे उत्तर ब्रिटनमधील लोक, परंतु ब्रिडेईचा पिता क्लाइड नदीकाठच्या ब्रिटन लोकांचा राजा होता आणि खुद्द एजफ्रिथही ब्रिडेईचा नातलग म्हणून नोंदला गेला आहे. मराठीत ज्याला भाऊबंदकी म्हणतात, तिचेच हे समुद्रापारचे रूप. रिकाम्या गादीवर आलेला सावत्रभाऊ आल्डफ्रिथ हा आयरिश मातेचा पुत्र असून त्या काळात आयोनाच्या परिसरात राहिलेला होता. म्हणूनच तेथील मठाधिपती अ‍ॅडमनान त्याच्याकडे जाऊ शकला आणि 687मध्ये त्या स्वारीत पकडलेल्या 60 बंदिवानांना आयर्लंडला परत नेऊ शकला.

याच अ‍ॅडमनानने 697मध्ये स्त्रिया, मुले आणि धर्मसेवक यांना युद्धाच्या झळीपासून संरक्षण देणारा कायदा मांडला, आणि त्याला आयरिश राजांबरोबर पिक्टांचा राजाही जामीन राहिला. कोणत्याही एका राजाच्या हुकमाने असा कायदा सगळीकडे लागू झाला नसता. ज्या राजवटी ओलीस, आश्रित आणि सोयरे यांच्या देवघेवीवर उभ्या होत्या, त्यांना एकत्र बांधायला जामीन हेच साधन कामी आले.