भीती वाटली म्हणजे श्रद्धा उणी पडली का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मी कीर्तनकार नाही की प्रवचनकार नाही. कॉमर्सचा पदवीधर, उभा जन्म बँकेत कारकुनी केली आणि आता निवृत्त होऊन दिघीत घरी असतो. दत्तजयंतीच्या अंकात काहीतरी लिहाच, असा आग्रह झाला. म्हटलं, जे स्वतः भोगलं तेच मांडावं. विषय आहे भीतीचा.

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र सगळ्यांना आठवत असेल. पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. १० तारखेला बँका उघडल्या, तेव्हा मी कॅश काउंटरवर होतो. शटर वर जायच्या आधीच रांग पार रस्त्यावर. हे ३० डिसेंबरपर्यंत चालायचं होतं. त्यातल्याच एका संध्याकाळी माझी कॅश जुळेना. तीनदा मोजली. दोन हजाराच्या आठ नोटा कमी. सोळा हजार रुपये.

त्या क्षणी काय झालं ते ऐका. तोंडाला कोरड पडली, तळहात घामाने ओले झाले, पोटात गोळा आला, छाती अशी धडधडू लागली की शेजारच्याला ऐकू जाईल. बोटं कापायला लागली. इतकी वर्षं नोटा मोजणारा माणूस, पण एक बंडल हातात धरवेना. शेवटी रिवाजाप्रमाणे ती रक्कम मी पदरची भरली. नोटा काही परत मिळाल्या नाहीत.

इथे विषय संपायला हवा होता. पण दुसऱ्या दिवसापासून नोटा मोजायच्या मशीनची फडफड ऐकली तरी धडधड सुरू. रात्री झोप नाही, जेवण पचेना. आणि त्याहून मोठं दुःख मनात वेगळंच होतं. इतकी वर्षं गुरुचरित्राचे सप्ताह केले, आणि सोळा हजारासाठी हात कापतात? मग आपली भक्ती खोटीच म्हणायची का? लाजेपोटी घरातही बोललो नाही.

भक्तहो, हाच प्रश्न तुमच्यापैकी कित्येकांना पडला असेल. ऑपरेशनच्या आदल्या रात्री, मुलाचा फोन लागत नाही तेव्हा, रिपोर्टचं पाकीट उघडताना.

गीतेचा पहिला अध्याय आठवा. अर्जुनाचं तोंड कोरडं पडतं, अंगाला कंप सुटतो, रोमांच उभे राहतात, त्वचा जळते, हातातून गांडीव गळतं. अर्जुनासारखा वीर, आणि साक्षात भगवंत समोर सारथी! त्याची हालत माझ्या काउंटरवरच्या हालतीहून वेगळी नव्हती. भगवंतांनी त्याची कानउघाडणी केली खरी, पण रथातून खाली उतरवलं नाही. त्याच कापऱ्या हातांच्या माणसाला गीता सांगितली.

म्हणजे कापणं हे शरीराचं काम आहे. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ साली यावर पुस्तकच लिहिलं. धोका दिसला की मेंदू इशारा देतो, मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या छोट्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. काळीज जोरात चालतं, म्हणजे हातापायांना जास्त रक्त मिळावं. यकृत साठवलेली साखर बाहेर काढतं. आमच्या भाषेत, मुदतठेव मोडली! लाळ आणि पचन तेवढ्यापुरतं आवरतं घेतलं जातं, म्हणून तोंड कोरडं आणि पोटात गोळा. बँकेला आग लागली तर पासबुकं भरत कोण बसेल? एक तर लढायचं, नाहीतर पळायचं, याची ही तयारी. ही परमेश्वरानेच दिलेली सोय आहे.

पण ही सोय थोड्या वेळापुरती. वाघ गेला की हरिण पुन्हा चरायला लागतं. माणूस मात्र गेलेला वाघ मनात बांधून ठेवतो. मग शरीर रोजच मुदतठेवी मोडत राहतं. रक्तदाब, झोप, पचन, साखर, सगळ्याचा ताळेबंद बिघडतो.

त्या वर्षी दत्तजयंती १३ डिसेंबरला, ऐन त्या धामधुमीत आली. संध्याकाळी देवळात अवधूतांच्या चोवीस गुरूंचं निरूपण चाललं होतं. कुरर पक्ष्याची गोष्ट निघाली. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा असतो आणि बाकीचे पक्षी त्याला टोचत सुटतात. तो तुकडा टाकतो, त्याच क्षणी पाठलाग थांबतो, पक्षी सुखी होतो. गोष्ट शंभरदा ऐकलेली. त्या दिवशी मात्र वाटलं, अरे, माझ्या चोचीत सोळा हजार आहेत अजून!

घरी जाऊन सौभाग्यवतींना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पैसे गेले ते गेले. तुम्ही त्यांच्या मागे जाऊ नका." त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाबाची गोळी सुरू झाली, ती आजही घेतो. गोळी घेण्याने नामाला कमीपणा येत नाही.

आणि नामाचंही सांगतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापून आला. तेवीस निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास आपोआप संथ होऊन मिनिटाला साधारण सहावर आला, आणि त्याचा हृदयाच्या लयीवर चांगला परिणाम दिसला. लांब सोडलेला श्वास शरीराला कळवतो की धोका टळला, आता विसावा घे. आपण दिगंबराचा नामघोष संथ लयीत करतो, तेव्हा श्वास असाच लांबतो. आपल्या वाडवडिलांनी हे मोजलं नव्हतं, पण अनुभवलं होतं.

आजही दत्तगड चढताना छाती धडधडते. वर जाऊन महाराजांपुढे पाच मिनिटं बसलं की शांत होते. भीतीचंही तसंच आहे. ती येणारच. आली तर लाजू नका, लपवू नका. आपल्या माणसाला सांगा, लागलं तर डॉक्टरांना दाखवा, नाम घ्या. आणि रात्री निजताना एकदा चोच तपासून पहा, अजून काय धरून ठेवलंय?

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!