शंभर पोती तांदूळ

प्रत्येक शाळामास्तराच्या पोतडीत चार-दोन हुकमी गोष्टी असतात. माझी हुकमी गोष्ट जपानमधल्या नागाओका नावाच्या एका लहानशा संस्थानाची. ती सांगितली की वर्ग स्तब्ध होई आणि आपण काही फार मोठे सांगितले, असे मलाही वाटे. एके वर्षी मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलाने मला असा साधा प्रश्न विचारला की, ती गोष्ट पूर्वीसारखी सांगणे मला पुन्हा जमले नाही. तो प्रश्न कळायला आधी गोष्टच सांगायला हवी.

जपानच्या पश्चिम बाजूला, एचिगो प्रांतात, शिनानो नदीकाठी हे गाव. १६१८ पासून तेथे माकिनो घराण्याचा अंमल होता. संस्थानाचे उत्पन्न ७४ हजार कोकू. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका, सुमारे दीडशे किलो तांदूळ. तिकडे सरदारांची पत अशी तांदळावर मोजत. 'आपण सदैव रणांगणावरच आहोत, असे समजून राहावे' हे या घराण्याचे ब्रीद.

१८६८ साली शोगुनची सत्ता कोसळली आणि सम्राटाच्या नावाने नवे सरकार उभे राहिले. नागाओकाचा कारभारी कावाई त्सुगुनोसुके याने तटस्थ राहण्याची खटपट केली; ती फसली आणि लढाई जुंपली. किल्ला पडला, परत घेतला, पुन्हा पडला. गाव जळून गेले. कावाई जखमी होऊन मेला. जिंकणाऱ्यांनी संस्थानाचे उत्पन्न ७४ हजारांवरून २४ हजार कोकूंवर आणले. पोशिंदा निम्म्याहून अधिक दुबळा झाला. खाणारी तोंडे मात्र राहिली.

अशा वेळी कारभार आला कोबायाशी तोरासाबुरो याच्याकडे. लहानपणी देवी येऊन त्याचा एक डोळा गेलेला, प्रकृती तोळामासा. साकुमा शोझान या मोठ्या पंडिताचा हा शिष्य. त्याचा लढाईला विरोध होता, पण तेव्हा त्याचे कोणी ऐकले नाही. १८७० साली मिनेयामा या संस्थानाने नागाओकाला शंभर पोती तांदूळ पाठवला. मिनेयामा ही माकिनो घराण्याचीच धाकटी पाती, अवघी ११ हजार कोकूंची. गरीब भावकीने पोटाला चिमटा घेऊन पाठवलेला तो शिधा! उपाशी सामुरायांचे डोळे त्याकडे लागले. तोरासाबुरोने सांगितले, तांदूळ वाटायचा नाही. तो विकायचा आणि आलेल्या पैशातून शाळेसाठी पुस्तके व साहित्य घ्यायचे.

त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पोत्यात सुमारे साठ किलो धरले तर सगळा मिळून सहा हजार किलो. सहा हजार माणसांत वाटला तर माणशी एक किलो. दोन-तीन दिवसांत संपला असता. शाळा उभी राहिली, आणि तीत सामुरायांच्या मुलांबरोबर व्यापाऱ्यांची व शेतकऱ्यांची मुलेही आली. यामामोतो युझो याने १९४३ साली यावर नाटक लिहिले आणि ही गोष्ट घरोघरी गेली.

येथे मी नेहमी थांबत असे. त्या दिवशीही थांबलो. तेव्हा तो मुलगा उठून म्हणाला, "सर, पण त्या दिवशी त्या मुलांनी काय खाल्लं?"

मला उत्तर सुचले नाही. तेवढ्यात घंटा झाली म्हणून निभावले.

घरी येताना मी मनाची समजूत घालीत होतो. दुष्काळातही शेतकरी बियाण्याला हात लावत नाही, ते काय वेगळे? पण ते तितके सारखे नाही. शेतकऱ्याची कणगी त्याची असते आणि भूकही त्याच्याच घरची. तोरासाबुरोने पेरला तो दुसऱ्यांचा घास. पाठवणाऱ्यांनीही तो पोटासाठी पाठवला होता. दूध आटलेल्या एखाद्या आईने त्याला बोल लावला असेल, तर तिला अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मूल आज रडते. 'उद्या' हा शब्द त्याला ठाऊक नसतो.

मग तोरासाबुरो चुकला का? तसेही मला म्हणवत नाही. तो त्याच जळालेल्या गावातला, त्याच खंगलेल्या संस्थानाचा नोकर. दूरच्या राजवाड्यातून हुकूम सोडून तो मोकळा झाला नाही. नाटकात तर संतापलेले सामुराय तलवारी घेऊन त्याच्या घरी येतात आणि तो त्यांच्यापुढे बसून उत्तर देतो. आणि ज्यांचा घास गेला, त्यांच्याच मुलांसाठी शाळेचे दार उघडले. उद्यासाठी आज उपाशी राहा, असे म्हणायचा अधिकार कोणाला असेलच, तर तो त्याच पंगतीत उपाशी बसलेल्याला असावा.

२००१ साली जपानचे पंतप्रधान कोइझुमी यांनी आपल्या धोरणाच्या भाषणात हीच गोष्ट सांगून लोकांना आजचे कष्ट सोसायचे आवाहन केले. ते वाचून मी मनात हसलो, आणि लगेच ओशाळलो. मी तरी वर्गात दुसरे काय करीत होतो? डबा खाऊन आलेला मास्तर, आणि समोर काही मुले अशी की ज्यांच्या डब्याची चौकशी मी कधी केली नव्हती.

गोष्टीचा शेवटही मी पुष्कळदा गाळत असे. त्याच १८७० साली नागाओका संस्थानाने आपण होऊन आपला कारभार सोडला. पुढच्या वर्षी जपानातली सगळीच संस्थाने बरखास्त झाली. पेरणारे घर पीक पाहायला उरले नाही. शाळा उरली.

त्या मुलाला दुसऱ्या दिवशी मी सांगितले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नाही." तेव्हापासून गोष्ट सांगितली तर त्याच्या प्रश्नासकट सांगतो, आणि त्याआधी वर्गात विचारून घेतो, आज डबा कोणी आणला नाही? दिवाळीच्या फराळाचे ताट समोर आले की हा प्रश्न हटकून आठवतो, आणि तो विसरू नये असे वाटते.