पाण्यात विरणारा वायू आणि पाळणाऱ्याचा धर्म

पाणवनस्पतींच्या काचटाकीत कार्बन डायऑक्साइड सोडणे सोपे असते, तो पाण्यात मुरवणे अवघड. उघड्या हवेतल्या साध्या पाण्यात हा वायू लिटरमागे एक मिलिग्रॅमही नसतो. दाट लावलेल्या टाकीत मात्र तो 20 ते 30 मिलिग्रॅमपर्यंत नेतात. बुडबुडा मोठा असला तर तो सरळ वर येऊन फुटतो आणि वायू हवेत जातो. तोच वायू सिरॅमिकच्या बारीक छिद्रांच्या डिफ्युझरमधून सोडला की तेवढ्याच वायूला पाण्याचा कितीतरी जास्त स्पर्श मिळतो. बुडबुडे फिल्टरच्या प्रवाहात खाली दाबून फिरवले तर स्पर्शाचा वेळही वाढतो. कोकणातल्या उकाड्यात हे अधिक महत्त्वाचे ठरते, कारण पाणी जितके कोमट तितका त्यात वायू कमी मुरतो.

इथवर प्रश्न कौशल्याचा आहे. पण त्याच पाण्यात मासा श्वास घेतो, आणि तिथे तो धर्माचा होतो. माशाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कल्ल्यांवाटे बाहेर पडतो तो बाहेरच्या पाण्यात त्याचे प्रमाण कमी असते म्हणून. पाण्यातच तो वाढला की रक्त आम्लधर्मी होते, हिमोग्लोबिनची प्राणवायू धरण्याची ताकद घटते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. म्हणजे मुरवण्याची रीत जितकी सुधारते, तितकी पाळणाऱ्याच्या हातून जीव जाण्याची शक्यताही वाढते. वाया जाणारा वायू एका अर्थी माशाचे रक्षण करत होता.

कोकणातल्या रेवदंड्याला कुंडलिका नदी समुद्राला मिळते. तिथल्या खाडीत हा हिशोब कोणाला ठेवावा लागत नाही. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा पाणी हलवते, वारा पृष्ठभाग ढवळतो आणि गुदमरणाऱ्या माशाला दुसरीकडे जाण्याची वाट असते. शेजारच्या चौलमध्ये रामेश्वराच्या देवळासमोरची पुष्करणी बांधीव असली तरी तिच्यावर आभाळ उघडे आहे. काचटाकीत यातले काही उरत नाही. वाऱ्याचे आणि भरतीचे काम पाळणाऱ्याने स्वतःकडे घेतलेले असते, आणि ते त्याला कोणी सांगितलेले नसते. शोभेसाठी त्याने आपण होऊन घेतलेली ही जबाबदारी म्हणूनच अधिक बंधनकारक आहे.

ही जबाबदारी कोणत्या वृत्तीने पाळावी, हे पाहायला ज्ञानेश्वरी उपयोगी पडते. तिच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विस्ताराने निरूपण आहे. अहिंसक माणूस कसा चालतो हे सांगताना ज्ञानदेवांनी पाण्यातल्या बगळ्याचा दाखला दिला आहे: लाट मोडू नये, साचलेले पाणी हलू नये, असे तो पाऊल टाकतो. पण त्या बगळ्याची नजर भक्ष्यावर असते. त्याची हळुवार चाल खरी असते, मात्र तिच्यामागे करुणा नसते. लगेच पुढे ज्ञानदेव भ्रमराकडे वळतात. कमळावर पाय ठेवताना केसर चुरगळेल या शंकेने तो जपून वावरतो. टाकी सांभाळणाऱ्याची काळजी या दोहोंपैकी कोणती, हा या विषयातला खरा प्रश्न आहे. बुडबुडे मोजणारा, नळ्या जुळवणारा हात बगळ्याइतका नेमका असू शकतो आणि तरी त्याची नजर फक्त हिरव्या पानावर असू शकते.

हा फरक रोजच्या कृतीत दिसतो. प्रकाश नसताना वनस्पती कार्बन डायऑक्साइड वापरत नाहीत, उलट माशांसारख्याच तो सोडतात. म्हणून दिवे मालवण्याच्या तासभर आधी वायू बंद करायचा असतो. पाण्यातल्या वायूच्या प्रमाणानुसार रंग बदलणारे ड्रॉप चेकर हिरवे असावे. पिवळे पडले तर प्रमाण जास्त झाले. मात्र हा रंग तास-दोन तास उशिरा बदलतो, त्यामुळे मासा हाच आधीचा आणि खरा साक्षीदार. मुरवण्याची रीत सुधारली की वायूचा पुरवठा आधी कमी करावा आणि मग हळूहळू वाढवावा. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले तर वायू तात्काळ बंद करून पाण्याचा पृष्ठभाग ढवळावा. पानांची वाढ काही आठवडे मागे पडली तरी चालेल.