पोतं उघडून दाखवणारा दुकानदार

डहाणू रोड

चि. भाचीस,


अंधेरीला राहायला गेल्यापासून चहा घरच्यासारखा होत नाही, तिथे चांगला सुटा चहा कुठे मिळेल, असं तू विचारलंस. एखादा पत्ता कळवून मोकळा झालो असतो. पण आज ज्या दुकानात माल चोख आहे तिथे पुढच्या वर्षीही तो तसाच मिळेल, असं कोण सांगणार? म्हणून दुकान पारखायचं कसं, तेच लिहितो.

आधी एक समज काढून टाक. सुटा म्हणजे हलका आणि पाकिटातला म्हणजे चांगला, असं तुझ्या पिढीला वाटतं. आपल्या हद्दीपलीकडच्या गुजरातचंच बघ. दक्षिण आफ्रिकेहून परतलेल्या नारणदास देसाईंनी १९१९ मध्ये अहमदाबादेत ‘गुजरात टी डेपो’ काढला. ‘वाघ बकरी’ हे नाव त्याच घराण्याचं. त्यांचाही चहा कित्येक वर्षं दुकानातून सुटाच विकला जाई. पाकिटं भरणारी कंपनी निघाली ती १९८० मध्ये. तोवर लोक चहा बघून, हुंगूनच घेत होते.

डहाणूत काय किंवा तुमच्या तलासरीत काय, आपण चहा घेतो तो किराणा दुकानातून. तिथे माझी पहिली नजर पोत्याच्या शेजाऱ्यांवर जाते. चहाची पत्ती भोवतीचा वास फार लवकर ओढून घेते. बाजूला हिंग, उदबत्ती, साबण किंवा सुके बोंबील असतील तर माल कितीही भारी असो, मी घेत नाही. मुंबईत काळबादेवी, क्रॉफर्ड मार्केट, दादर अशा जुन्या बाजारांत फक्त चहाच विकणारी दुकानं शोध. तिथे निदान वासाची भेसळ तरी होत नाही, आणि खप मोठा असल्याने माल पडून राहत नाही.

मग दुकानदाराला मूळ पोतं दाखवायला सांग. बागेतून लिलावाला जाणाऱ्या पोत्यावर बागेचं नाव, प्रत, इन्व्हॉइस नंबर आणि वजन छापलेलं असतं. काचेच्या बरणीवर चिकटवलेल्या ‘स्पेशल’ आणि ‘सुपर’ या चिठ्ठ्यांना त्यापुढे काही अर्थ नाही. चार बागांचे चहा मिसळून विकण्यात गैर नाही, उलट चांगलं मिश्रण करणं ही मोठी विद्या आहे. पण काय मिसळलं ते त्याला सांगता आलं पाहिजे. जो आनंदाने पोतं उघडतो, तळहातावर चिमूटभर पत्ती ठेवतो आणि पन्नास ग्रॅमची पुडी बांधून द्यायला कुरकुरत नाही, तो आपला दुकानदार.

घोलवडच्या चिकूचं तुला ठाऊकच आहे. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी मुंबईच्या हातगाडीवर कुठल्याही चिकूला घोलवडचं नाव लागतं. दार्जिलिंगचं तेच. देशातलं पहिलं मानांकन त्या चहाला मिळालं, आणि नावाची उसनवारीही त्याच्याच वाट्याला फार आली. कुणी दार्जिलिंग म्हणाला तर बाग कुठली, खुडा मार्च-एप्रिलचा की मे-जूनचा, एवढं विचार. उत्तर अडखळलं तर पुढे चल.

तुला दूध, आलं आणि गवती चहा घालून उकळायचा आहे, म्हणजे दार्जिलिंग नको, आसामची ममरी, म्हणजे सीटीसीची दाणेदार पत्ती, हवी. १९३० च्या सुमारास विल्यम मॅकर्चर यांनी आसामात सीटीसीचं यंत्र बनवलं. त्यात पान चिरडून, फाडून, वळून त्याचे दाणे होतात. दाणा जितका बारीक तितका रंग झटकन उतरतो, म्हणून हॉटेलवाले डस्ट, म्हणजे अगदी बारीक चुरा, घेतात. घरी मात्र जाड दाणा घे. तो जरा वेळ घेतो, पण वास आणि चव भरून देतो. आसामचा सगळ्यात जोरकस खुडा मेअखेर ते जूनमधला. तो साधारण पावसाळ्यात दुकानांत यायला लागतो. तेव्हा हवा दमट असते, म्हणून एका वेळी थोडाच घ्यावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

दोन पुड्यांतली निवड करायची तर चव घेणाऱ्यांची रीत वापर. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी ओतून सहा मिनिटं झाकायचं, मग दूध-साखर न घालता प्यायचं. पाड्यावर कोरा चहा पिऊन वाढलेल्या तुझ्या जिभेला फरक लगेच कळेल. रंगाची शंका आली तर टिपकागदावर पत्ती पसरून वर थोडं पाणी शिंपड. कागदावर लगेच रंगाचे डाग फुटले तर वरून रंग लावलाय. आणि चहा घरच्यासारखा न होण्याचं निम्मं कारण पाणी असतं. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी, मुंबईत धरणाचं हलकं. तिथे पत्ती थोडी कमी टाकून बघ.

बागेचं नाव विचार म्हणतो, त्यामागे आणखी एक कारण आहे. एक किलो चहाला साधारण साडेचार किलो हिरवं पान खुडावं लागतं. आसाम आणि डुआर्सच्या बागांत ते खुडणारे हात बहुतेक आदिवासींचे. त्यांच्या पूर्वजांना छोटा नागपूरच्या मुलखातून इंग्रजांच्या काळात तिकडे नेलं, आसामात तर करारात अडकवून राबवलं. तू झरी गावाच्या तालुक्यातली आहेस. वेठबिगारीविरुद्ध १९४५ च्या मे महिन्यात वारली आदिवासींची परिषद झरीलाच भरली होती. त्या लढ्यातल्या गोदावरी परुळेकरांच्या सभांच्या गोष्टी तू लहानपणापासून ऐकल्यास. म्हणून तुझ्यासारख्या मुलीने तरी पत्ती कुणाच्या बागेतली, हे न विचारता घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

या रविवारी दादरला जा. जाड दाण्याच्या दोन वेगवेगळ्या बागांच्या पन्नास-पन्नास ग्रॅमच्या पुड्या घे आणि बागांची नावं लिहून ठेव. जी आवडेल ती पावशेर पत्ती गणपतीला येताना घेऊन ये. गवती चहा आणि पुदिना इथे वाडीत भरपूर आहे.

तुझा,
मामा