आधी एक पावसाळा

परदेशात स्थायिक होऊ पाहणाऱ्या निवृत्तांना तिथले अनुभवी लोक एक सल्ला हमखास देतात: पहिलं वर्ष भाड्याने राहा, घर नंतर घ्या. पोर्तुगाल असो की थायलंड, हा सल्ला बदलत नाही. माझ्या मते मुंबई-ठाण्याहून कर्जत-खालापूरकडे निघालेल्या निवृत्त जोडप्यांना त्याची गरज अधिक आहे. परदेशी गेलेल्याला आपण परके आहोत हे पहिल्याच दिवशी कळतं. कर्जत लोकलने शंभर किलोमीटर आलेल्याला ते कळत नाही, कारण भाषा तीच, रेल्वे तीच, सातबाराही मराठीतला. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून घर आधी घेतलं जातं आणि गावाची ओळख मागाहून होते. हा क्रम उलटा व्हायला हवा.

या भागात घरं पाहिली जातात ती बहुधा दिवाळीनंतर, हवा कोरडी आणि डोंगर स्वच्छ दिसत असताना. पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली; हजारांहून अधिक प्रवाशांना बाहेर काढेपर्यंत दुपार झाली. कर्जतकरांचा मुंबईकडे जाणारा लोहमार्ग हाच. पासष्टीच्या माणसाने ही बातमी गाडीच्या खोळंब्याची म्हणून सोडून देऊ नये. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तर ती विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण मोठ्या उपचारांसाठी पनवेल, कल्याण किंवा नवी मुंबई गाठावी लागते. ते अंतर जानेवारीतल्या रविवारी मोजून उपयोग नाही, जुलैतल्या रात्री मोजावं. दुसरं टोक मे महिन्याचं. इथल्या काळ्या पाषाणात पाणी मुरतं कमी आणि वाहून जातं फार, म्हणून एवढा पाऊस झेलूनही उन्हाळ्यात बोअरवेल आटतात आणि वाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. घराला पाणी आहे का, हा प्रश्न मेमध्येच विचारावा. उतारावरची जागा असेल तर इर्शाळवाडी आठवावी. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची ही ठाकरवाडी दरडीखाली गेली; २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नाव नसणं म्हणजे निर्धोक असणं, असं खालापुरात तरी यापुढे कुणी समजू नये.

कायद्याच्या बाबतीत घाई आणखी महागात पडते. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. कूळ कायद्याचं ६३वं कलम त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मागतं. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जायची, तर जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमाचा अडसर आहे, आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या या तालुक्यांत तो वारंवार समोर येतो. माथेरानभोवतीचा पट्टा २००३पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. मुलांकडे अमेरिकेत राहून ओसीआय कार्ड घेतलेल्यांसाठी तर नियम वेगळाच: परकीय चलन कायद्याखाली, रिझर्व्ह बँकेच्या खास परवानगीशिवाय, परदेशस्थ भारतीयांना आणि ओसीआयधारकांना शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली जमीन मात्र ठेवता येते. जाहिरातीत ‘फार्महाऊस’ लिहिलेलं असतं, पण जमीन कोणत्या प्रकारची ते सातबारा आणि फेरफार सांगतात. ते एजंटकडून न घेता स्वतः काढावेत आणि आपल्या वकिलाला दाखवावेत.

पण वर्षभर भाड्याने राहण्याचं सर्वांत मोठं कारण माणसं हे आहे. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी ‘फायटिंग इव्हिक्शन’ या २०१३च्या पुस्तकात कातकरी वाड्यांचा प्रश्न मांडला: अनेक वाड्यांमध्ये घराखालची जमीनच कातकऱ्यांच्या नावावर नाही, आणि जमिनीचे भाव चढले की पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीवर उठण्याची पाळी येते. आपण घेऊ पाहतो त्या प्लॉटच्या कुंपणाआड कुणाची वाट, कुणाची विहीर गेली आहे, हे वर्षभर राहिल्याशिवाय समजत नाही. आणि अडीअडचणीला धावून येणार ते हेच शेजारी. विंचू चावल्यावर प्राझोसिन देऊन जीव वाचवता येतो, हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच रायगड जिल्ह्यात, महाडसारख्या गावात काम करून जगाला दाखवलं. पण औषध वेळेत मिळायला हवं. जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, तिथे रात्री कोण असतं, हे गावातली बाई एका वाक्यात सांगते. ब्रोशरमध्ये ते छापलेलं नसतं.

यावर आक्षेप येतो की, वर्षभर थांबलो तर भाव वाढतील. वाढतीलही. पण सत्तरीत न मानवलेलं घर विकायला काढणं आणि तोवर मुंबईतला फ्लॅट विकून बसलेलं असणं, हा तोटा त्या वाढीहून मोठा आहे. म्हणून शहरातलं घर लगेच विकू नये, भाड्याने द्यावं. दुसरं म्हणणं असं की मोठ्या संकुलात सुरक्षा, जनरेटर, डॉक्टर सगळं असतं. काही ठिकाणी असतंही. नेरळला डिग्निटी फाउंडेशनने खास ज्येष्ठांसाठी वसाहत उभारली, त्यामागे हाच विचार आहे. मात्र अनेक संकुलं शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी बांधलेली असतात. मंगळवारी संध्याकाळी किती दिवे लागतात, हे पाहूनच तिथे म्हातारपण काढायचं की नाही ते ठरवावं.

एक गोष्ट जोडपी बोलायची टाळतात. दोघांतलं एक माणूस मागे राहणार आहे, आणि बहुतेक वेळा ती बायको असते. गाडी फक्त नवरा चालवत असेल, वायरमन, टँकरवाला, बँक, ग्रामपंचायतीची घरपट्टी हे सगळं त्याच्याच हातात असेल, तर त्याच्यामागे ते घर तिला महिनाभरही झेपणार नाही. म्हणून भाड्याच्या वर्षातले सहा महिने हे सगळे व्यवहार तिने करावेत, आणि काही आठवडे तिने तिथे एकटीने राहून पाहावं, तेही जुलैत. त्यानंतर घर घ्यायचं की नाही, हा कौल तिचा असावा.