गिझर, बाबा आणि श्लोक ६२-६३



आजचे श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले, ६२ आणि ६३. मला शाळेपासून पाठ आहेत. विषयाचं चिंतन करत राहिलं की ओढ लागते, ओढीतून इच्छा होते, इच्छेतून राग येतो, रागाने भान सुटतं, भान सुटलं की आठवण जाते, आठवण गेली की बुद्धी, आणि बुद्धी गेली की माणूसच बुडतो. उतरत्या जिन्याच्या पायऱ्या आहेत. हा जिना मी गेल्या आठवड्यात आमच्याच बाथरूममध्ये उतरून आलो, ते आज प्रामाणिकपणे लिहितोय.

आमचा गिझर दिवाळीपासून ठिबकत होता. खालच्या झाकणातून थेंब थेंब. बायको म्हणाली, "कुणाला तरी बोलव." मी म्हटलं, "शनिवारी बघू," आणि खाली बादली ठेवली. असे किती शनिवार गेले ते मोजलं नाही. कारण डोक्यात एकच विषय, यंदाचं प्रमोशन. जेवताना तेच, आंघोळ करताना तेच, पाठ म्हणतानाही तेच. चिंतन म्हणतात ते हेच.

बाबा सध्या साताऱ्याहून आमच्याकडे आलेत. मंगळवारी सकाळी म्हणाले, "अरे, नळाला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतंय." मी लॅपटॉपवर होतो, रिलीजचा दिवस. म्हटलं, "बाबा, थंडी आहे, हात बधिर होतात. तुम्हाला वाटतंय तसं." बाबा गप्प बसले.

बुधवारी सकाळी घरातली वीज गेली. डीबी उघडून पाहिलं तर आरसीसीबी पडलेला. वर केला. पाच मिनिटांनी परत पडला. परत वर केला. कॉल चालू असताना तिसऱ्यांदा पडला तेव्हा माझं डोकं फिरलं. "कोण काय चालू करतंय सारखं?" असं बाबांवर ओरडलो. ते पंचा खांद्यावर टाकून आंघोळीला निघाले होते. शांतपणे म्हणाले, "मी फक्त गिझर लावला रे." आणि मी तिसऱ्यांदा बटण वर केलं.

मंडळी, मी इंजिनिअर आहे. आरसीसीबी का पडतो हे पहिल्या वर्षाला शिकलोय, परीक्षेत आकृती काढून मार्क मिळवलेत. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, म्हणजे तो दुसऱ्याच वाटेने जमिनीत चाललाय. घरातला आरसीसीबी साधारण ३० मिलीअँपिअरला पडतो, कारण त्याहून जास्त करंट माणसाच्या शरीरातून गेला तर जिवावर बेततं. मुंग्या, ठिबकणारा गिझर, पडणारा स्विच, तिन्ही गोष्टी समोर होत्या. मला एकही आठवली नाही.

शंकराचार्यांनी या श्लोकाच्या भाष्यात स्मृतीचा अर्थ सांगितलाय: शास्त्र आणि आचार्यांच्या उपदेशाने मनावर जे संस्कार होतात, त्यातून येणारी आठवण. म्हणजे फोन नंबर विसरणं नव्हे. शिकलेलं सगळं आत असतं, पण ऐन वेळी वर येत नाही. तो शब्द मला परवा पहिल्यांदा कळला.

नशीब असं की बाबा दारातच थांबले होते. त्यांना राग आला नव्हता, भीती वाटत होती. म्हणाले, "आज राहू दे, मी गार पाण्याने करतो." आणि त्यांनी स्वतःच गिझरचं बटण बंद केलं.

दुपारी मिस्त्री आला. आधी मेन बंद करून त्याने खालचं झाकण काढलं. गॅस्केट कुजलेलं, पाणी झिरपून थेट हीटिंग एलिमेंटच्या टर्मिनलवर येत होतं, सगळीकडे पांढरे क्षार. आमच्याकडे बोअरचं जड पाणी. सॉकेटमधली अर्थिंगची वायरही ढिली. आत मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असतो, टाकीऐवजी गंज स्वतःवर घेणारा. त्याची नुसती तार उरली होती. मिस्त्री म्हणाला, "साहेब, टाकी वाचलीय. पण तो स्विच नसता ना..." पुढचं तो बोलला नाही.

गॅस्केट, एलिमेंट, रॉड बदलले, अर्थिंग घट्ट झालं. दीड तासाचं काम. मी ते किती महिने टाळलं होतं.

संध्याकाळी बाबांची माफी मागितली. म्हणाले, "मला स्विचमधलं काय कळतंय? मुंग्या आल्या, ते सांगितलं." एवढंच. मग चहा मागितला.

रात्री श्लोक परत वाचला. आपण समजतो, राग आवरायचा म्हणजे ओरडायच्या क्षणी ओठ दाबायचे. पण रागापर्यंत येईतो तीन पायऱ्या उतरून झालेल्या असतात. भगवंत सुरुवात रागापासून करत नाहीत, चिंतनापासून करतात. मी बाबांवर बुधवारी चिडलो, पण पहिला थेंब दिवाळीत पडला होता. आणि देव मधल्या प्रत्येक पायरीवर इशारा देत होता: थेंबातून, स्विचमधून, बाबांच्या तोंडून. मी प्रत्येक वेळी बटण वर करत राहिलो.

म्हणून आज दोन गोष्टी करूया. पहिली अगदी व्यवहाराची: डीबीमधल्या आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं टेस्ट बटण असतं, ते दाबून तो पडतो का बघा. गिझर ठिबकत असेल तर आजच बंद करा आणि माणूस बोलवा. दुसरी: घरात कुणाचं बोलणं हल्ली 'कटकट' वाटतंय ते आठवा, आणि आज ते एकदा पूर्ण ऐकून घ्या.

प्रमोशनचं अजून कळलेलं नाही. बाबांची आंघोळ आज गरम पाण्याने झाली.

उद्या श्लोक ६४. तिथे याच जिन्याने वर कसं यायचं ते आहे.

राम कृष्ण हरी.